हायवेवर पळवून इंजिनातला कार्बन जातो का?

'पिकअप कमी झालं म्हणजे कार्बन साचला. टाकीत क्लीनरची बाटली ओता, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि हायवेवर अर्धा तास चढ्या आरपीएमवर पळवा, सगळा कार्बन जळून जाईल.' हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे. कुठल्या ना कुठल्या इंजिनाला तो थोडाफार लागू पडतो, म्हणूनच पटतो.

पळवल्याने जळतो? काजळी हवेत जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) रीजनरेशनच्या, म्हणजे साचलेली काजळी जाळून टाकण्याच्या वेळी तेवढं तापमान मिळतं, त्यामुळे तिथे लांबचा प्रवास खरंच कामी येतो. सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून मात्र सतत थंड हवा जात असते. तिथला थर कितीही पळवा, जळत नाही.

बाटलीने धुतला जातो? इथे इंजिनाचा प्रकार बघावाच लागतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उडतो आणि व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडतो. तिथे पॉलीइथर अमीन असलेला क्लीनर चांगलं काम करतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही. त्यात भर म्हणजे पीसीव्हीच्या (इंजिनाच्या तळातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या व्यवस्थेच्या) नळीतून येणारी ऑइलची वाफ तिथेच बसते, भाजते आणि खरखरीत काळा थर होतो. बाटलीने इंजेक्टरची टोकं आणि पिस्टनचा माथा साफ होईल, हा थर नाही. टोयोटाच्या डी-फोर-एस इंजिनात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, तिथे पोर्टच्या फवाऱ्याने व्हॉल्व्ह धुतले जातात.

जास्त ऑक्टेन? ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) रोखण्याची क्षमता, साफ करण्याची नव्हे. पिस्टनवर थर चढला की कॉम्प्रेशन वाढतं, नॉकिंग होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. जास्त ऑक्टेनने हे लक्षण झाकलं जातं, थर तसाच राहतो.

आणि पिकअप गेलं म्हणजे कार्बनच, हेही गृहीत धरू नका. एअर फिल्टर, प्लग, कॉइल, एअर-फ्लो सेन्सर आधी तपासा. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी थंड असताना मिसिंग मारते आणि गरम झाल्यावर सुधारते, तर व्हॉल्व्हवर संशय घ्या. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून थर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

थर जाड असेल तर खात्रीचा उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुशाचा मारा. ज्या पोर्टवर काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह क्रँक फिरवून पूर्ण बंद करायचे, बाकीचे पोर्ट बुजवायचे आणि भुसा व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यायचा. व्हॉल्व्ह जरासा जरी उघडा राहिला तर भुसा सिलिंडरमध्ये उतरतो आणि भिंतीवर ओरखडे पडू शकतात. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, व्हॉल्व्हची बसण्याची कड खराब होते. जोडताना मॅनिफोल्डचं गॅस्केट नवंच घाला आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह त्याच वेळी तपासून घ्या. तो बिघडलेला असेल तर थर पुन्हा लवकर चढतो.