'मजूस' ही अरबांनी घडवलेली शिवी नव्हे

एक दावा बराच फिरतोय. इराण जिंकल्यावर झरथुष्ट्रींना (पारशांच्या धर्माच्या लोकांना) हिणवायला अरबांनी 'मजूस' ही शिवी बनवली, तिचा अर्थ 'लहान कानांचा', आणि 'मोबेद', 'दस्तूर' हे त्यांच्या धर्मगुरूंसाठीचे शब्दही मुळात अरबीच, असं त्यात म्हटलंय.

आधी कान धरू. हा अर्थ कुणी आज मनाने रचलेला नाही, हे कबूल. फिरोजाबादीच्या 'कामूस' या अरबी कोशात तो आहे: लहान कानांच्या एका माणसाने धर्म काढला, म्हणे. पण त्याच नोंदीत शब्द 'मुअर्रब', म्हणजे परभाषेतून अरबी केलेला, असंही लिहिलंय. साक्षीदारच उलटला! फारसीत कान म्हणजे 'गूश'. 'मजूस'मध्ये तो कुणाला तरी ऐकू आला आणि गोष्ट तयार झाली. खरं मूळ पश्चिम इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेलं आहे. इ.स.पू. 520च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहू (दरायस) याने गादी बळकावणाऱ्या गौमात नावाच्या माणसाला तिथे 'मगुश', म्हणजे पुरोहित, म्हटलंय. इस्लामच्या अकराशे वर्षं आधी. अरामी-सिरियाक भाषांच्या वाटेने तो अरबीत 'मजूस' झाला. कुराणात (22:17) यहुदी, साबी, ख्रिस्ती यांच्या ओळीत तो एकदाच येतो, आणि तेव्हा इराण जिंकलेलाही नव्हता. पुढे तो तुच्छतेने वापरला गेला, हे खरंच. पण म्हणून तो त्यासाठी घडवला होता असं होत नाही.

'मोबेद' अरबी असेल तर त्याचा अरबी धातू दाखवावा. मध्य फारसीतला 'मोवबेद' म्हणजे 'मगु' अधिक 'पती', पुरोहितांचा प्रमुख. हा 'बेद' आपलाच 'पती': सेनापती तिकडे 'स्पाहबेद'. अरबीत मोबेदाचा 'मूबध' झाला, अनेकवचन 'मवाबिधा'. 'हेरबेद' या दुसऱ्या पुरोहित-पदवीचा 'हिर्बध', अनेकवचन 'हराबिधा'. शेवटचा तो 'आ' बघा. बाहेरून आलेल्या अनेक शब्दांना अरबी हाच साचा लावते: 'मर्झबान' म्हणजे सीमेचा सुभेदार, त्याचं 'मराझिबा'. बाराव्या शतकात जवालिकीने तर अशा उसन्या शब्दांचा अख्खा कोशच केला. अरब पंडितांना त्यात कमीपणा वाटला नाही. हाच हेरबेद झिजत झिजत मुंबईच्या अग्यारीत 'एरवद' म्हणून भेटतो.

राहिला 'दस्तूर'. मूळ मध्य फारसी 'दस्तवर', अधिकारी पुरुष. अरबीत 'दुस्तूर', आणि आज तिकडे त्याचा अर्थ राज्यघटना. ट्युनिशियात 1920 साली निघालेल्या राजकीय पक्षाचं नाव याच शब्दावरून. आपल्याकडे तो पारशांचा वरिष्ठ धर्मगुरू, आडनाव, आणि जुन्या कागदांतला रिवाज.