दाढदुखीवर मशेरी, उवांवर तंबाखूचं पाणी

"दाढ दुखतेय? मशेरी दाबून ठेव." हा सल्ला देणारी माणसं आपलीच असतात, म्हणून जरा सविस्तर.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजल्यावर निकोटिन उडून जातं, असं समजू नका. बरंच उरतं, ते हिरडीतून रक्तात जातं, आणि ठणका कमी झाल्यासारखा वाटतो. तेवढ्यात दाढेतली कीड मुळापर्यंत पोचते. गरोदर बाई मशेरी लावत असेल तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्येच बंदी आली, पण घरच्या तव्याला कुठला कायदा?

मला जास्त भीती वाटते ती उवांसाठी मुलांच्या डोक्याला लावल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाण्याची. निकोटिन धड कातडीतूनही आत शिरतं. ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना उलट्या आणि चक्कर येते ती त्यामुळेच. खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्यातून तर ते आणखी लवकर शिरतं. मूल पांढरंफटक पडलं, लाळ गळू लागली, घाम आणि उलट्या सुरू झाल्या, तर साबण आणि भरपूर पाण्याने डोकं धुवा, कपडे बदला, थेट दवाखाना गाठा. तंबाखू पोटात गेली असेल तर मुद्दाम उलटी काढू नका. झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाते. उवांसाठी 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. धुऊन टॉवेलने टिपलेल्या केसांना लावायचं, 10 मिनिटांनी धुवायचं, फणीने लिखा काढायच्या आणि साधारण 9 दिवसांनी पुन्हा लावायचं.

धोतऱ्याची धुरी दम्याला उपयोगी, हे खोटं नाही. त्यातल्या अॅट्रोपिनने श्वासनलिका सैल होतात, आणि आजच्या पंपातलं इप्राट्रोपियम त्याच अॅट्रोपिनपासून बनवलेलं आहे. फरक मात्रेचा! पंपाच्या एका फवाऱ्यात ठरलेले 20 मायक्रोग्रॅम असतात. धोतऱ्यात मात्र झाडागणिक, पानाबियांगणिक प्रमाण बदलतं. जास्त झालं की तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, लघवी बंद आणि माणूस बरळायला लागतो.

निकोटिन औषध म्हणून खरंच कामी येतं ते तंबाखू सोडताना, गमच्या रूपात. पण लोक तो च्युइंगगमसारखा चघळतात, मग उचकी लागते, पोटात जळजळतं, आणि "आपल्याला सोसत नाही" म्हणून पाकीट फेकून देतात. उठल्यावर अर्ध्या तासात तलफ येत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा घ्यावा. गरोदरपणात किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हळू चावायचा, जीभ चुरचुरली की गालात धरायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. अर्धा तास पुरतो. आधी 15 मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. चुन्याने तोंडात निकोटिन झपाट्याने शोषलं जातं, आंबटाने नेमकं उलट होतं.