दुरुस्तीचाही अनुशेष मोजा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दादानं गावच्या शाळेच्या गच्चीवरून फोटो पाठवले. एका फोटोत पन्हाळीच्या तोंडाशी लिंबाच्या पाल्याचा कुजलेला थर. दुसऱ्यात कठड्याच्या भेगेतून वर आलेला पिंपळ, मनगटाएवढ्या खोडाचा. तिसरा खालून, चौथीच्या वर्गातून काढलेला. छताचे पोपडे गळून पडलेत आणि गंजलेले गज उघडे दिसताहेत. सोबत एकच ओळ होती: "पोरं व्हरांड्यात बसवलीत."

मराठवाड्यात धोकादायक शाळांचा विषय निघाला की 'निजामकालीन' हा शब्द लगेच येतो. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948ला भारतात विलीन झालं, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यांत नव्या इमारतीनंही आता पंचाहत्तरी ओलांडली. त्या पाडून नव्या बांधायलाच हव्यात. पण आमची शाळा निजामाच्या काळातली नाही. औसा तालुक्यातलं आमचं गाव 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. पहिली-दुसरी पत्र्याच्या शेडमध्ये झाली आणि नव्या गावठाणात शाळेच्या चार पक्क्या खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा मी चौथीत होते. रंगाचा वास मला अजून आठवतो. ती इमारत माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. तिचं छत गळायला निजाम कारण नाही. तीस वर्षांत तिच्या गच्चीकडे कुणी पैसे घेऊन गेलं नाही, हे कारण आहे.

मी अकरा वर्षं जर्मनीत, ड्रेस्डेनला राहते. इथून गावाकडच्या गोष्टींवर बोललं की "तिकडं सगळं चांगलंच असणार" असं ऐकायला मिळतं. सगळं चांगलं नाही. 11 सप्टेंबर 2024च्या पहाटे आमच्या शहरातला कारोला पूल एल्बे नदीत कोसळला. ज्या भागावरून ट्राम जायची, नेमका तोच भाग. मी रोज त्यावरून कामाला जात असे. पहाटेची वेळ होती म्हणून जीव गेले नाहीत. 1971 साली खुला झालेल्या या पुलाचे तीन समांतर भाग होते. दोन भागांची दुरुस्ती उरकली होती आणि तिसऱ्याची 2025मध्ये व्हायची होती. आतल्या पोलादात बांधकामाच्या वेळीच ओल शिरून बारीक तडे गेले होते, ते वर्षानुवर्षं वाढत राहिले, असं तपासात पुढे आलं. दुरुस्ती वेळेत झाली असती तर पूल वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता.

पण मला इथली एक गोष्ट फार मोलाची वाटते. केएफडब्ल्यू ही इथली सरकारी विकास बँक दरवर्षी नगरपालिका आणि जिल्ह्यांच्या कोषाधिकाऱ्यांना विचारून, कशाकशावर खर्च व्हायला हवा होता आणि झाला नाही, याची बेरीज जाहीर करते. 2025च्या अहवालात ही रक्कम सुमारे 216 अब्ज युरो होती. त्यात सगळ्यांत मोठा वाटा शाळांचा, सुमारे 68 अब्ज. इतका मोठा आकडा ही काही अभिमानाची गोष्ट नाही. श्रीमंत देशानं वर्षानुवर्षं हात आखडता घेतल्याचा तो हिशेब आहे. पण तो हिशेब रुपया-पैशासारखा मांडलेला असतो, वर्तमानपत्रात येतो, आणि नगरसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे बातमी येते ती 'इतक्या वर्गखोल्या धोकादायक' अशी. खोल्यांची संख्या वाचून वाईट वाटतं, पण अंदाजपत्रकात तरतूद करायला रक्कम लागते.

आणि मोजणं मराठवाड्याला नवं नाही. 'अनुशेष', म्हणजे व्हायला हवं होतं आणि झालं नाही त्याची तूट, हा शब्द आमच्याकडे शेतकऱ्यालाही कळतो. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं 1984 साली रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असं क्षेत्रवार मोजून मराठवाड्याचा अनुशेष सुमारे 750 कोटी रुपये काढला. पुढे 1994 साली हा अनुशेष भरून निघतोय का, हे पाहणारं वैधानिक विकास मंडळ आलं आणि 2020च्या एप्रिलअखेर त्याची मुदत संपली. मंडळ परत द्या, ही मागणी आजही होते आणि ती रास्त आहे. मात्र त्या सगळ्या हिशेबात जे बांधलंच नाही ते मोजलं गेलं. जे बांधलं आणि मग पडू दिलं, त्याची रक्कम कुठेच धरली नाही. माझ्या मते मराठवाड्यानं आता हा दुसरा अनुशेष मोजून मागायला हवा.

याचं मूळ जमाखर्चाच्या पद्धतीत आहे. आपला सरकारी हिशेब रोखीचा. खोली बांधली त्या वर्षी खर्च पडला, पुढच्या वर्षी ती खोली हिशेबातून गेली. इथल्या नगरपालिकेच्या वहीत दरवर्षी इमारतीचा घसारा दिसतो, त्यामुळे ती झिजतेय हे निदान कागदाला तरी ठाऊक असतं. आपल्याकडे शिवाय नवं बांधकाम भांडवली खर्चात आणि देखभाल महसुली खर्चात. ओढाताण झाली की कात्री आधी देखभालीला लागते, कारण पगार आणि पेन्शनला हात लावता येत नाही.

दादा दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. मी फोनवर विचारलं, "दादा, गच्चीचा कोबा आणि पन्हाळ्या एवढंच करून घेतलं तर?" तो म्हणाला, "अगं, दुरुस्तीला कोण विचारतंय? नव्या खोलीचा प्रस्ताव पाठवा म्हणतेत. अन् नवी खोली पायजे तर आधी जुनीचं निर्लेखन पायजे. ती फाईल दीड वर्ष झालं फिरतीय." निर्लेखन म्हणजे जुनी खोली सरकारी नोंदीतून कमी करणं. ते होईपर्यंत ती पाडायची परवानगी नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत आणि नवीला मंजुरी नाही. तोवर पोरं व्हरांड्यात.

शाळेच्या हातात येतं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. 31 ते 100 मुलांच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये, 30पर्यंत पट असेल तर 10,000. त्यातच वीजबिल, खडू, रजिस्टरं, स्वच्छता. गावातून माणसं पुण्याला जातात, पट उतरतो, अनुदान उतरतं. गच्ची मात्र तेवढीच राहते. पाऊस पट बघून पडत नाही. इमारतीचा पैसा मुलांच्या संख्येवर ठरवणं मला कोणत्याही बाजूनं पटत नाही. तो इमारतीच्या आकारावर आणि वयावर ठरायला हवा.

किती हवा? इथे नगरपालिकांना सल्ला देणारी एक संस्था सांगते की इमारत आज पुन्हा बांधायला जितका खर्च येईल, त्याच्या 1.2 टक्के दरवर्षी देखभालीला ठेवा. जर्मनीचं सोडून देऊ. आपल्याच महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत सभासदांकडून बांधकाम खर्चाच्या 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, दरवर्षी घ्यायला सांगितलंय. मिळून एक टक्का. लातूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीला जे भरावं लागतं, ते तिच्या नातवाच्या शाळेसाठी सरकारनं बाजूला का काढू नये? एका खोलीला आज दहा लाख धरले तर आमच्या चार खोल्यांचे चाळीस लाख होतात. त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला 40,000. एवढ्यात मृगाच्या आधी दोन मजूर लावून पन्हाळ्या मोकळ्या होतात, भेगा भरतात, काही वर्षांनी कोबा नवा होतो. गजाला पाणी लागलं नाही तर तो गंजून फुगत नाही आणि काँक्रीट फोडत नाही.

एका गोष्टीवर मी बराच विचार केला आहे. आमच्या जुन्या घराला माळवद होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी आबा पांढऱ्या मातीच्या पाट्या वर टाकायचे, चोपून घ्यायचे. देखभाल अगदी नेमानं व्हायची. पण जुनी माती कुणी उतरवत नव्हतं. थरावर थर चढून छत जड झालं आणि भूकंपात त्याच माळवदांखाली आमच्या भागातली माणसं गेली. म्हणून नुसते पैसे देऊन भागणार नाही. भिंत आणि छत किती भार सोसतंय, आत ओल कुठवर गेलीय, हे जाणकारानं ठरावीक वर्षांनी पाहिलं पाहिजे आणि त्याच्या फीची तरतूद त्याच एक टक्क्यात हवी. 25 जुलै 2025ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत पडून सात मुलं गेली, तेव्हा सगळीकडे स्ट्रक्चरल ऑडिटची भाषा सुरू झाली. ऑडिटमध्ये दोष निघाला तर तो दूर करायचा पैसा कुठून, हे त्याच आदेशात लिहिलेलं नसेल, तर मुख्याध्यापकांच्या कपाटात आणखी एक कागद वाढतो.

दूर राहून बोलणं सोपं, हे मला मान्य आहे. मी तिथे रोज ओल्या भिंतीला टेकून बसत नाही. पण माझ्या मुलीच्या शाळेत दुरुस्ती निघाली, तेव्हा तिचा वर्ग वर्षभर कंटेनरमध्ये भरला आणि काम कधी संपणार, किती खर्च येणार, हे पालकांच्या सभेत आधी सांगितलं गेलं. तिच्या शाळेत हाउसमाइस्टर नावाचा माणूस असतो. इमारत सांभाळणं हेच त्याचं काम. पानगळीनंतर तो गटारी साफ करताना दिसला की मला आमच्या शाळेची पन्हाळी आठवते. आपल्याकडे एका केंद्राखाली, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, येणाऱ्या सात-आठ शाळांना मिळून असा एक माणूस दिला तरी खूप होईल.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दादा ठराव मांडणार आहे: दुरुस्तीचं अंदाजपत्रक अभियंत्याकडून करून घ्यावं, ती रक्कम जिल्हा परिषदेकडे थकबाकी म्हणून कळवावी, आणि पुढे दरवर्षी शाळेच्या नावानं एक टक्का वेगळा ठेवावा. मसुदा आम्ही दोघांनी फोनवर लिहिला. अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्राचं नावही त्यात घालायला मी सांगितलं आहे. तिन्ही इमारती एकाच वर्षी बांधलेल्या आहेत.