निबंध नटवावा कसा

अमेरिकेतल्या कॉलेजांना कॉमन अ‍ॅपमधून, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून, अर्ज करताय, म्हणजे ६५० शब्दांत अख्खं व्यक्तिमत्त्व बसवायचं आहे. मजकूर काय, सुचेल तेव्हा सुचेल. आधी फॉन्ट ठरवा. टाइम्स न्यू रोमन गंभीर दिसतो, पण तो सगळेच वापरतात. गॅरामाँड घेतला की माणूस चार पुस्तकं वाचलेला वाटतो. या प्रश्नाला निदान तीन संध्याकाळी द्या. अर्जातल्या चौकटीत फॉन्ट निवडायची सोयच नाही, हे चौथ्या दिवशी कळेलच. तोवर गॅरामाँडवर जीव जडलेला असेल.

त्या चौकटीला ठळक, तिरपं आणि अधोरेखित एवढ्या तीनच गोष्टी कळतात. तिन्ही वापरा, अर्जाची फी भरणारच आहात ना? ‘मी कधीच हार मानत नाही’ यातलं ‘कधीच’ ठळक, ‘हार’ तिरपं आणि ‘मानत नाही’ अधोरेखित करा. नाहीतर तपासणाऱ्याला कशावर जोर द्यायचा हे वाक्य वाचून ठरवावं लागेल. शिवाय अधोरेखित शब्द पडद्यावर लिंकसारखा दिसतो. कोणी त्यावर दोनदा क्लिक करून पाहिलं, तर तेवढाच जास्त वेळ तुमच्या निबंधावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात आणि तिथे साध्या मजकुरावरच भागवावं लागतं. ती हौस कॅपिटल अक्षरांनी फेडून घ्या.

शाळेत घोटून घेतलेला एमएलए मथळा, म्हणजे इंग्रजी निबंधाच्या माथ्यावरचा ठरलेला साचा, विसरू नका. वर डावीकडे तुमचं नाव, शिक्षकांचं नाव, विषय आणि तारीख, खाली मधोमध शीर्षक. अर्जाला नाव आधीच जोडलेलं असतं, विषय कुठलाच नसतो आणि शीर्षक कोणी मागितलेलं नसतं, पण शिस्त ती शिस्त. यात पंधरा-वीस शब्द खर्ची पडतात आणि ते ६५० मधूनच वजा होतात. मग कापायला आजीचा परिच्छेद आहेच. तिच्या डोळ्यांवरचं एक वाक्य तेवढं ठेवा.

परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवायची तर टॅब दाबा. चौकटीत टॅब दाबला की कर्सर टुणकन पुढच्या रकान्यात जातो. बाहेरून चिकटवलेल्या मजकुरातला टॅबही वाटेत गळून पडण्याची शक्यता बरीच. मग स्पेसबार पाच वेळा दाबून पाहा. वेबपानांना सलग आलेल्या मोकळ्या जागा गोळा करून एकच दाखवायची खोड असते. दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडली की काम भागतं, पण इतक्या सोप्या उपायाला कष्ट कसले?

खरी मजा चिकटवण्यात आहे. निबंध वर्डमध्ये लिहा, त्याची पीडीएफ करा आणि त्या पीडीएफमधून कॉपी करून चौकटीत ओता. पीडीएफला बऱ्याचदा परिच्छेद माहीत नसतात, ओळी माहीत असतात. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या टोकाला एक एन्टर येऊन बसतो आणि तुमचा बालपणीचा प्रसंग मुक्तछंदासारखा उतरतो. काही फॉन्टांत एफ आणि आय ही जोडी एकच अक्षर म्हणून छापलेली असते. कॉपी करताना ती कधीकधी गायब होते आणि ‘फाइनल’चं ‘नल’ उरतं. वर्डची वळणदार अवतरणचिन्हंही आहेत. एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरांच्या संगणकी संकेतांचा, घोळ झाला की ‘डोन्ट’ मधल्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीच्या जागी टोपी घातलेला ए, युरोचं चिन्ह आणि ट्रेडमार्क असे तिघे रांगेत उभे राहतात. साध्या नोटपॅडमधून गाळून घेतलं, तर वळणदार चिन्हं सोडून बहुतेक कचरा तिथेच अडकतो. म्हणून नोटपॅड उघडूच नका.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठी यूकॅसचा सामाईक अर्ज भरत असाल तर पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा सोडायची टाइपरायटरकाळची सवय जपा. तिथे शब्द नव्हे, अक्षरं मोजतात, मोकळ्या जागांसकट ४,०००. चाळीस वाक्यं असली की चाळीस अक्षरं हवेत गेली, म्हणजे अख्खं एक छोटं वाक्य. २०२६ च्या प्रवेशापासून स्वतःबद्दलचा तो मजकूर तीन प्रश्नांत विभागलाय आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरं लागतात. उत्तर आखूड पडलं तर मोकळ्या जागा तीन करा. २०२० पासून वर्ड दोन मोकळ्या जागांनाही चूक म्हणून खूण करतो. करू द्या.

एखादी शिष्यवृत्ती फाइल मागते: दोन पानं, १२ पॉइंट, चहूबाजूंनी एक इंच समास. तुमचा मजकूर सव्वादोन पानं. वाक्यं कापणं कमीपणाचं. समास ०.८ वर आणा, अक्षर ११.५ करा, ओळींमधलं अंतर चिमटीत धरून आवळा. दिवसाला ढीगभर निबंध बघणाऱ्याच्या नजरेला दाटलेलं पान उघडताक्षणीच खटकतं, तेव्हा तुमची दखल घेतली जाणार हे नक्की. मजकूर दोन्ही कडांना ताणून लावा, म्हणजे शब्दांमधून पांढरे ओढे वाहतील. फाइल वर्डमध्येच पाठवा आणि बाजूच्या ‘इथे थोडं खोटं वाटतंय’ या मामाच्या कॉमेंटा काढू नका.

शेवटचं काम कॉलेजचं नाव बदलण्याचं. ब्राउनसाठी लिहिलेला पुरवणी निबंध राइसला धाडायचा तर हाताने कशाला शोधता? फाइंड अँड रिप्लेसमध्ये ब्राउनच्या जागी राइस टाका, लहान-मोठी अक्षरं वेगळी धरणाऱ्या मॅच केसवर खूण करू नका, रिप्लेस ऑल दाबा. मुदत तुमच्याच घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ ची असते, तेव्हा ११:५७ पर्यंत निवांत राहा. पाठवण्याआधी पीडीएफ डोळ्यांसमोर येते, ती न वाचता खाली सरकवा. एकदा गेलेली प्रत त्या कॉलेजापुरती बदलता येत नाही. सकाळी चहा घेताना ती सावकाश उघडा. मुख्य निबंधातलं आजीचं जे वाक्य इथेही कामी आणलं होतं, त्यात तिचे डोळे आता तपकिरी नाहीत, राइस आहेत.