चेहरा गोल आहे, मग काय झालं?

लग्नसराई जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरायला लागतो. गोल, चौकोनी, लांबट, बदामी, अंडाकृती असे चेहरे काढलेले आणि प्रत्येकाखाली कोणती हेअरस्टाइल शोभेल ते लिहिलेलं. मग घरातल्या मुली केस मागे ओढून आरशासमोर उभ्या राहतात आणि ‘मावशी, माझा चेहरा नक्की कसला गं?’ सुरू होतं. मला विचाराल तर त्या तक्त्यातलं निम्मं बरोबर आहे. पण सगळ्या जणी नेमकं उरलेलं निम्मंच मनावर घेतात.

तक्त्याचा हिशेब बघा. अंडाकृती चेहरा म्हणजे आदर्श, बाकीच्यांनी तसं भासवायचं. गोल असेल तर लांब दिसा, लांब असेल तर भरलेला दिसा, जबडा रुंद असेल तर झाका. म्हणजे एक सोडून सगळ्या जणी दुरुस्तीला आलेल्या! गोबऱ्या गालांच्या चांगल्या हसऱ्या मुलीने गाल झाकत का फिरायचं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

आता बरोबर काय ते. केस जिथे संपतात तिथे नजर थांबते, एवढं एक कळलं की तक्ता लागत नाही. हनुवटीशी सरळ कापलेला बॉब असेल तर बघणाऱ्याचं लक्ष थेट जबड्यावर जातं. तोच दोन बोटं खाली उतरवला की मानेवर जातं. गालाशी फुगलेले केस चेहरा रुंद करतात, टाळूवरचे उंची देतात. आणि भांग! फुकटात होणारा सगळ्यात मोठा बदल तो आहे, पण त्याला हात लावायला कोणी तयार नसतं. वर्षानुवर्षं मधोमध पाडलेला भांग जरा बाजूला सरकवा, चेहऱ्याचे दोन सारखे भाग दिसायचे थांबतात. नाही आवडलं तर पुन्हा कंगवा फिरवा, कात्री लागलेली नाही.

बॉबचं ठरवताना कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर मोजायची एक युक्ती आहे. हनुवटीखाली आडवी पेन्सिल, कानाखाली उभी पट्टी, सव्वादोन इंचांहून कमी भरलं तर आखूड केस शोभतात म्हणे. जॉन फ्रीडा या ब्रिटिश हेअरड्रेसरच्या नावाने ती सांगतात. कायदा म्हणून मी ती मानत नाही, पण निदान खऱ्या चेहऱ्यावर पट्टी लागते. मोबाइलवरची अ‍ॅपं सेल्फी घेऊन ‘तुमचा चेहरा लांबट’ सांगतात, त्यापेक्षा बरं. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि चेहरा आहे त्याहून चिंचोळा दिसतो. मापायचंच असेल तर चार-पाच फुटांवरून दुसऱ्या कोणाला फोटो काढायला लावा.

झाकण्याच्या बाजूने कोणी वाद घातला की हिंदी सिनेमातल्या साधनाच्या ‘साधना कट’चं उदाहरण येतंच. 1960 सालच्या ‘लव्ह इन सिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना साधनाचं कपाळ मोठं वाटलं, म्हणून हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कपाळावर आली, आणि मग देशभरातल्या मुलींनी ती कापून घेतली. लहान कपाळाच्यांनीसुद्धा! पण त्याच वर्षीचा बिमल रॉय यांचा ‘परख’ बघा. तीच साधना, खेड्यातली साधी मुलगी, केस मागे बांधलेले, कपाळ उघडं. कुठे काय बिघडलंय? झुलपं छानच होती, पण त्यांच्यावाचून तिचं काही अडत नव्हतं.

शिवाय तक्त्यात चेहरा असतो, केस नसतातच. आमच्या पार्लरवाल्या ताई फ्रिंज, म्हणजे कपाळावरची झुलपं, मागायला आलेल्या मुलीचे पुढचे केस आधी ओले करतात, सगळे कपाळावर उतरवतात आणि हात बाजूला घेऊन नुसत्या बघत बसतात. परवा एका मुलीची डावीकडची बट जरा सुकल्याबरोबर उलटी उभी राहिली. ‘हा बघा भोवरा. तुम्ही घरी गेलात की ही अशीच उठणार, रोज मशीन घेऊन बसणार आहात का?’ मुलीने मान हलवली. मग बाजूच्या भांगावर आणि गालापर्यंतच्या लांब लेअरवर तडजोड झाली. चेहरा कुठल्या आकाराचा, हा विषयच निघाला नाही. कुरळ्या केसांचं तर आणखी वेगळं. ओले असताना भुवईपर्यंत येतात, वाळले की आखडून कपाळाच्या मध्यावर. ते सुके असतानाच, हळूहळू कापणारी बाई मिळाली तर तिला सोडू नका. आणि मुंबई-कोकणातल्यांनी जूनमध्ये काय होतं ते आठवून ठरवावं. इस्त्री केलेले सपाट केस दमट हवेत स्टेशनपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

पुरुषांचं थोडक्यात आटोपते. कानावरचे केस मशीनने बारीक आणि वर उंची, हे गोल चेहऱ्याला बरं दिसतं. आधीच लांबट चेहऱ्याच्या मुलाने तेच केलं की चेहरा आणखी लांबतो. दाढीचाही विचार यातच करा.

खरा घोळ नवरीच्या केसांचा होतो, कारण आपल्याकडे मुंडावळ्या असतात आणि हे तक्ते बनवणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. कपाळावरून आडवी सर येते, ती मोठं कपाळ आपोआप छोटं करते. दोन्ही बाजूंनी सरी खाली लोंबतात, त्यांच्या उभ्या रेषांनी गाल कापले जातात. गोल चेहऱ्याला जे हवं म्हणून सांगतात ते मुंडावळ्या आयतंच करून देतात. त्यावर पुन्हा चेहरा बारीक दिसावा म्हणून बाजूच्या बटा मोकळ्या सोडल्या की त्या मोत्यांत अडकतात आणि नवरी अंतरपाटामागे एक-एक केस सोडवत उभी. पुढे मोठा फुगा काढला तर मुंडावळ्या बसत नाहीत, मागे सरकतात. त्यात स्प्रेने कडक झालेल्या केसांत अक्षता रुततात, त्या रात्री कोण वेचणार? त्यापेक्षा समोरचे केस जरा सैलसर मागे घ्यावेत, अंबाडा मानेजवळ ठेवावा आणि गजरा अंबाड्याभोवतीच फिरवावा. कानांमागून दोन्हीकडे डोकावणारा गजरा समोरून चेहरा पसरट दाखवतो. ट्रायलला जाताना मुंडावळ्या घेऊनच जा, दागिने एक वेळ राहिले तरी चालतील. अंबाडा फार ताणून मात्र बांधू देऊ नका. कानशिलाजवळचे केस आधीच नाजूक असतात, संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं ते वेगळंच.

आणि एक, डिसेंबरात लग्न असेल तर ऑक्टोबरात फ्रिंज कापू नका. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. भुवईवरची फ्रिंज हनुवटीपर्यंत यायला वर्ष तरी जातं. तोवर ती ना अंबाड्यात बसते, ना कानामागे राहते. पोट्ट्यांनो, हौस असेल तर लग्न उरकल्यावर या, मी स्वतः घेऊन जाते ताईंकडे.