थ्रेड मेला तरी लॉक सुटत नाही
लिनक्सच्या कर्नलवरचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावरचा) लेख आवडला, पण त्यातलं 'कर्नलमधला वर्कर थ्रेड क्रॅश झाला तर नवीन सुरू करायचा' हे काही पटलं नाही राव. साधी प्रोसेस (चालू प्रोग्राम) मेली की कर्नल मागून येऊन मेमरी, फाइल्स सगळं आवरतो, पण कर्नलचाच थ्रेड (त्याच्या आत चालणारं एखादं काम) उप्स होऊन, म्हणजे कर्नलच्या कोडमध्येच गंभीर चूक होऊन, मेला तर त्याच्या मागचं आवरायला कोणी नाही, त्याने म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) धरलेलं असेल तर ते धरलेलंच राहतं, म्हणजे गोदामाची चावी खिशात घालून माणूस गायब आणि तुम्ही दारात नवे हमाल उभे करताय. युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममध्ये) रोबस्ट म्युटेक्स असेल तर ते मागणाऱ्या पुढच्याला निदान मालक मेल्याचा एरर तरी मिळतो, इथे तेही नाही.

आमच्या नाशकात सातपूरला एका कारखान्यात लिनक्सचा गेटवे असाच अर्धमेला पडायचा. पिंग चालू, सगळ्यांना वाटायचं मशीन ठीक आहे, पण डिस्कला हात लावला की प्रोसेस डी स्टेटमध्ये (न उठवता येणाऱ्या झोपेत) अडकणार, किल मारून पण जात नाही, आणि १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग टास्कची बोंब. शेवटी पॅनिक_ऑन_उप्स ही सेटिंग १ केली (उप्स झाला की अख्खा कर्नलच थांबवायचा, म्हणजे पॅनिक) आणि कर्नल.पॅनिक १० (पॅनिकनंतर किती सेकंदांनी रीबूट), आता उप्स झाला की १० सेकंदांत रीबूट. सर्व्हरवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. (कर्नल ६.२ पासून उप्स_लिमिट, म्हणजे किती उप्स झाले की पॅनिक करायचा तो आकडा, तोही आलाय, पण डिफॉल्ट १०००० आहे, आमच्या काय कामाचं!)

आणि ड्रायव्हरवाल्यांनो, थ्रेड मध्येच स्वतःहून संपू शकत असेल तर त्याच्या टास्क स्ट्रक्टचा (कर्नलने ठेवलेल्या थ्रेडच्या नोंदीचा) रेफरन्स आधीच घेऊन ठेवा, नाहीतर नंतर केथ्रेड_स्टॉप (थ्रेड थांबवणारं फंक्शन) मारलं की फ्री झालेल्या मेमरीत हात जातो, म्हणजे परत उप्स.