चार फूट पाणी

कर्जतच्या बाजूला ज्यांचं सेकंड होम असतं त्यांना पाहुणे दोनच प्रश्न विचारतात. "रेंज येते का?" आणि "पूल नाही?" रेंज येत नाही हे त्यांना चालतं, मुंबईहून आपण त्यासाठीच आलो असं ते निदान म्हणतात तरी. पूल नाही म्हटल्यावर मात्र जेवायला बोलावून आपण भातच लावला नाही असा चेहरा करतात. मग आम्ही फणस दाखवतो, चाफा दाखवतो, मागे माथेरानचा डोंगर दाखवतो. "छान आहे हो," म्हणतात आणि पलीकडच्या व्हिलाच्या पूलमधून येणाऱ्या किंकाळ्या ऐकत बसतात.

आमच्या डोक्यात पूल घातला तो भाच्यानं. "मामा, शनिवार-रविवार भाड्यानं द्या. पूलचा खर्च दोन वर्षांत वसूल." नवरा बँकेतून निवृत्त झालेला. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या फायली तपासल्या, स्वतःचा प्रकल्प एकही नाही. त्यानं त्याच रात्री एक्सेल उघडलं. मी झोपले तेव्हा रकाने सात होते, सकाळी उठले तेव्हा ते पडद्यात मावत नव्हते.

घरात पोहणारं कोण, हा रकाना त्यात नव्हता. नवऱ्याला पोहता येत नाही. मी शाळेत असताना पुण्याला मामाकडे टिळक तलावावर मे महिन्याच्या बॅचला गेले होते आणि काठ धरून पाय मारण्यापर्यंत प्रगती केली होती. खरं पोहता येतं ते सासूबाईंना. वय वर्षं ८१. माहेर वाईजवळ. पाठीला सुका भोपळा बांधून भावांनी विहिरीत ढकललं आणि त्या दुसऱ्या काठाला जाऊन वर आल्या, ही हकिगत आमच्याकडे दर गणपतीत होते. विहिरीला दोन परस पाणी होतं, हे त्यात दरवेळी येतं.

मग कोटेशनं मागवायला सुरुवात झाली.

पहिले आले त्यांच्या कार्डावर 'वॉटरस्केप कन्सल्टंट' असं होतं. पायात पांढरे शुभ्र बूट. आमच्या अंगणात जून ते ऑक्टोबर लाल चिखल असतो, त्यामुळे साइट व्हिजिट त्यांनी व्हरांड्यातूनच केली. पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर आमचंच घर आम्हाला दाखवलं. फणसाच्या जागी तीन पामची झाडं होती, निळंशार पाणी होतं आणि काठावर आरामखुर्चीत टोपी घातलेली एक गोरी बाई पहुडली होती.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "ही कोण?"

"आजी, ती स्केलसाठी असते. अंदाज यावा म्हणून."

"आणि ती राहणार आहे का इथंच?"

गृहस्थांनी घाईघाईनं पुढचं चित्र काढलं. ते इन्फिनिटी पूलचं होतं. एका बाजूची भिंत बोटभर बुटकी ठेवायची, पाणी त्यावरून सतत सांडत ठेवायचं, खाली गटारात झेलायचं, तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये घ्यायचं आणि पंपानं परत वर चढवायचं. म्हणजे पूलमध्ये बसलेल्या माणसाला काठ दिसत नाही, पाणी थेट क्षितिजाला भिडल्यासारखं वाटतं. कल्पना सुरेख आहे. फक्त आमची जमीन ज्या बाजूला उतरते त्या बाजूच्या क्षितिजावर शेजारच्या तात्यांचा गोठा आहे आणि गोठ्याच्या अलीकडे शेणखताचा खड्डा. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "रात्री लायटिंगमध्ये दिसत नाही, सर." वासाचं काय, ते सर विचारणार होते, पण तोवर दिरांचा फोन आला. पाण्याचा साठा ईशान्येलाच हवा, नैऋत्येला चुकूनही नको, असं त्यांनी बजावलं. आमचा उतार नेमका नैऋत्येला. "काही प्रॉब्लेम नाही," कन्सल्टंट म्हणाले. सुधारित आराखडा आला तेव्हा पूल होता तिथंच होता, फक्त नकाशातला उत्तरेचा बाण फिरवलेला होता. पूल वास्तुशास्त्राप्रमाणे, सूर्य मात्र माथेरानच्या मागे उगवणार की तात्यांच्या गोठ्यातून, ते सूर्यानं बघायचं.

कोटेशन साडेअठरा लाखांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी. त्याखाली बारीक अक्षरात 'खडक लागल्यास खोदकाम वेगळे'. सह्याद्रीच्या पायथ्याशी खडक लागल्यास! म्हणजे कोकणात पाऊस पडल्यास. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा इथं येऊन बसलाय, तो या माणसाच्या कोटेशनसाठी उठून जाणार होता का? आमच्याकडे दोन फूट माती, मग मुरूम आणि त्याखाली सरळ काळा कातळ. बोअरवाल्याचं दोन दिवसांचं बोलणं अजून कानात आहे.

वॉटरप्रूफिंगची मात्र १० वर्षांची गॅरंटी. नवऱ्यानं बँकेच्या सवयीनं अटी वाचल्या. जमीन हलली, झाडाची मुळं आली, पाण्याची पातळी बदलली, मालकानं अयोग्य रसायन वापरलं, तर गॅरंटी रद्द. थोडक्यात, पूलमध्ये पाणी न भरता तो हॉलमध्ये ठेवला तर १० वर्षं गळणार नाही. मोहेंजोदडोला साडेचार हजार वर्षांपूर्वी साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल स्नानकुंड बांधलं. विटा घट्ट बसवून त्यावर डांबराचा थर दिला, दोन्ही टोकांना पायऱ्या केल्या, पाणी काढून द्यायला मोरी ठेवली. त्या कंत्राटदाराचं गॅरंटी कार्ड उत्खननात सापडलेलं नाही.

गावातले मिस्त्री आले ते वेगळ्याच जातकुळीचे. त्यांनी अंगणात पावलं टाकून माप घेतलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडा लिहिला. साडेपाच लाख. "टाकीच ती ताई, झाकण नसलेली. पंचायतीची मीच बांधली." भिंती विटांच्या, आतून प्लास्टर, वरून निळा रंग. फिल्टर? "कशाला? पाणी हिरवं झालं की सोडून द्यायचं, परत भरायचं." मला माणूस आवडला. पांढऱ्या बुटांच्या तुलनेत याच्या पायाला निदान चिखल होता.

पण परत भरायचं कशातून? नवऱ्यानं एक्सेलमध्ये घातलं. २५ फूट लांब, १२ फूट रुंद, ४ फूट पाणी, म्हणजे १२०० घनफूट, म्हणजे ३४ हजार लिटर. आमच्या बोअरला मे महिन्यात करंगळीएवढी धार येते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टँकर मागवायचा तर १० हजार लिटरचे साडेतीन. शिवाय उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर जरी उडून गेलं तरी १४० लिटर रोजचं. आणि वरच्या वाडीला मे महिन्यात पंचायतीचा टँकर येतो तो याच रस्त्यानं. त्याच्यामागे आमचा टँकर उभा करून पुढच्याला हॉर्न द्यायचा, हे चित्र कुठल्याच लॅपटॉपमध्ये नव्हतं. मला त्या दिवशी पूलचा विषय सोडून द्यावासा वाटला आणि मी तसं बोललेही. नवरा म्हणाला, "अजून दोन कोटेशनं यायची आहेत." बँकेत तीन कोटेशनांशिवाय टेबलफॅनसुद्धा घेत नसत.

एक तयार फायबरचा पूल विकणारे आले. कारखान्यातून अख्खा येतो, खड्ड्यात ठेवायचा, झालं. पूल १२ फूट रुंद आणि आमच्या गावात वळणाचा रस्ता मोजून १० फूट, एका अंगाला मारुतीचं देऊळ. "क्रेननं घरावरून घेऊ," असं ते म्हणाले आणि आम्ही चहा दिला.

प्रत्येक जण दुसऱ्याला नावं ठेवत होता. कन्सल्टंटच्या मते मिस्त्री अडाणी, मिस्त्रीच्या मते फायबर म्हणजे प्लॅस्टिकचं घमेलं, फायबरवाल्याच्या मते काँक्रीट तडकतंच. तिघांचंही एका बाबतीत एकमत होतं: ८० टक्के पैसे पाणी भरायच्या आत हवेत. आपापली जुनी कामं बघायलाही सगळे आग्रहानं पाठवत. कन्सल्टंटचा एक पूल बघायला आम्ही नेरळच्या बाजूला गेलो. मालकांनी लिंबू सरबत दिलं, टाइल्स दाखवल्या, पाण्याखालचे दिवे भर दुपारी लावून दाखवले. "पाच वर्षं झाली, थेंब गळत नाही." बोलता बोलता ते सारखे एका कोपऱ्याच्या आड उभे राहत होते. नवऱ्यानं वाकून बघितलं तर तिथं बागेचा हिरवा पाइप पूलमध्ये सोडलेला, आणि त्यातून बारीक धार चालू. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते गृहस्थ ज्या पद्धतीनं आमच्याकडे बघून हसले त्यावरून त्यांना ते ठाऊकही होतं. आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा आणखी एखादं कुटुंब सोबतीला आलेलं माणसाला बरं वाटत असावं.

शेवटी बदलापूरच्या एक सिव्हिल इंजिनिअर बाई आल्या. पन्नाशीच्या, स्कूटरवरून, डोक्याला रुमाल. लॅपटॉप नाही. आल्या त्या घरात न येता थेट कुंपणाशी गेल्या आणि तात्यांशी बोलत उभ्या राहिल्या. मला वाटलं ओळखीचे निघाले. अर्ध्या तासानं चहाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पावसाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी काठाखाली हातभर असतं. तुमची जमीन त्यांच्याहून फारशी उंच नाही. पूल पावसाळ्यात रिकामा ठेवायचा म्हणत होतं का कुणी?"

सगळेच म्हणत होते. साफसफाईही होते म्हणे.

"तरंगेल," बाई शांतपणे म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं पाहुणे तरंगतील. बाईंनी पेन्सिल घेतली. खाली कातळ, त्यात खणलेला खड्डा, खड्ड्यात १०० इंचांच्या वरचा पाऊस. ते पाणी निघून जायला वाट नाही, ते पूलच्या तळाला वर ढकलतं. आत ३४ हजार लिटर असलं तर ३४ टनांचं वजन त्याला दाबून धरतं. ते काढलं की काँक्रीटची होडी. एखाद्या जुलैत सकाळी उठून बघावं तर पूल वीतभर वर आलेला आणि पाइप तुटलेले. म्हणून पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेवायचा, तळाखाली खडीचा थर आणि भोकांचे पाइप टाकायचे आणि ते उताराला काढून द्यायचे. नैऋत्येचा उतार पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होता.

पाणी कुठून आणायचं हे त्यांनी छपराकडे बघून सांगितलं. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० इंच पावसात सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं ३४ हजार गाळून घ्यायचं, वाळूच्या फिल्टरमधून रोज फिरवायचं, क्लोरिन आणि पीएच बघत राहायचं, उन्हाळ्यात वर झाकण ओढायचं म्हणजे उडून जात नाही. फिल्टर उलटा धुतला की आठवड्याला तीन-चारशे लिटर क्लोरिनचं पाणी निघतं, ते तात्यांच्या भाताकडे जाता कामा नये, त्याला वेगळा शोषखड्डा. तात्या कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली आणि गोठ्यात गेले. पूलची परवानगी पंचायतीच्या आधी तिथं मिळाली.

टाइल्स लावायच्या आधी नुसतं काँक्रीट आठवडाभर भरून ठेवायचं, असंही त्या म्हणाल्या. पायरीवर एक बादली पाण्यानं भरून ठेवायची. बादलीच्या आत एक रेघ, पूलच्या भिंतीवर एक रेघ. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ते उन्हानं प्यायलं. पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती. एवढ्या सगळ्या गॅरंटी कार्डांत मला पटलेली वस्तू ही बादली. नवरा तर इतका खूश झाला, की त्यानं बाथरूममधली निळी बादली आणून "ही चालेल?" म्हणून विचारलं.

कोटेशन साडेतेरा लाखांचं निघालं. त्यात 'कातळ ब्रेकरने फोडणे' अशी स्वच्छ ओळ आणि तिचा आकडा. शेवटचे १० टक्के एक पावसाळा निघाल्यावर. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये बाई तिसऱ्या क्रमांकावर आल्या, कारण 'प्रेझेंटेशन'ला त्यानं २० गुण ठेवले होते. मी तो रकाना काढून टाकला.

सही करताना सासूबाई बाहेर आल्या. खोली किती, विचारलं. चार फूट.

"चार फुटांत पाय टेकतात. त्याला पोहणं म्हणत नाहीत."

"आजी, पाहुण्यांची मुलं असतात. बहुतेकांना पोहता येत नाही."

"यांनाही येत नाही," सासूबाईंनी आम्हा दोघांकडे हात केला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "मी उतरले तर चालेल ना?"

"चालेल की. फक्त सुती लुगड्यानं नाही हं. सुताचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतात. अंगावर नायलॉनचंच हवं."

सासूबाई आत गेल्या. नवऱ्यानं चेक लिहिला, बाईंनी पावती फाडली, स्कूटरला किक मारली. तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, दादरला नायलॉनची नऊवारी मिळते का, विचारून ठेव."